रस्त्यात अडकलेली गाडी कोणी हलवायची?

गेल्या अंकात पावसाळ्यातील घाटरस्त्यांवर एक लेख छापला होता. दरड कोसळल्यावर किंवा मोठा अपघात झाल्यावर मदतपथकांना वाट करून देण्यासाठी उभ्या गाड्या बाजूला काढणे हेच पहिले काम असते, असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर आम्ही पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून वाचकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो. मोठा भूकंप झाला आणि गाडी रस्त्यावरच सोडून जाणे भाग पडले, तर इंजिन बंद करून किल्ली गाडीतच ठेवावी आणि दारे कुलूपबंद करू नयेत, अशी सूचना येथे वाहनचालकांना दिली जाते. ज्याचे आयुष्य पुण्यात गेले त्याला हे पटणे कठीण आहे. गाडी चोरीला गेली किंवा सरकारी यंत्राने चेपली, तर जबाबदारी कोणाची? (एक वाचक, तोक्यो)

उत्तर : सूचना बरोबर आहे आणि ती जशीच्या तशी पाळावी. धक्के जाणवताच एकदम ब्रेक न लावता वेग कमी करावा, गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी आणि रेडिओवरील माहिती ऐकावी. शक्य असेल तर गाडी रस्त्याबाहेरच्या मोकळ्या जागेत न्यावी. ते जमणारच नसेल तर डाव्या कडेला उभी करून इंजिन बंद करावे, काचा वर कराव्यात, किल्ली आतच ठेवावी आणि दारे लावावीत, पण त्यांना कुलूप घालू नये. काचा बंद ठेवायच्या त्या आजूबाजूची आग आत शिरू नये म्हणून. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली आत सहज दिसेल अशा जागी ठेवावी. मौल्यवान वस्तू आणि वाहनाची कागदपत्रे सोबत न्यावीत आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मागे ठेवावी.

या सूचनेमागे मोठा इतिहास आहे. जपानचा आपत्तीविषयक मूळ कायदा १९६१ सालचा आहे. १९५९ मध्ये इसे उपसागरातील चक्रीवादळात पाच हजारांहून अधिक माणसे मेली, त्यानंतर तो आला. पुढे १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहराला भूकंप झाला, उन्नत द्रुतगती मार्गाचा सहाशे मीटरहून लांब पट्टा कुशीवर आडवा झाला आणि खालचे रस्ते खासगी गाड्यांनी असे तुंबले की अग्निशमन दलाचे बंब आणि रुग्णवाहिका त्यात अडकून पडल्या. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. आपत्तीत पोलिसांनी एखादा रस्ता केवळ आपत्कालीन वाहनांसाठी राखून ठेवला की त्यावरील चालकाने आपली गाडी हटवलीच पाहिजे, आणि चालक जागेवर नसेल तर पोलिसाने ती स्वतः हलवावी, असे ठरले. पोलीस तेथे पोहोचलेले नसतील तर हेच काम अग्निशमन दलाचे कर्मचारी किंवा स्वसंरक्षण दलाचे जवान करू शकतात.

पुढची दुरुस्ती बर्फामुळे झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोफू शहरात ११४ सेंटिमीटर बर्फ साचला आणि आसपासच्या डोंगरी महामार्गांवर शेकडो गाड्या अडकल्या. बर्फ काढणारी यंत्रे आली, पण गाड्यांमुळे त्यांना पुढे सरकता येईना, आणि चालक उतरून निघून गेलेले होते. तोवर गाडी हलवण्याचा अधिकार पोलिसांकडे होता. रस्ता ज्यांच्या ताब्यात, त्या रस्ते विभागाला मात्र तो नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही उणीव भरून निघाली. आता रस्ते विभाग अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचा पट्टा जाहीर करतो, तेथील चालकांना गाड्या हटवण्याचा आदेश देतो, आणि चालक नसेल किंवा त्याला ते जमत नसेल तर गाडी स्वतः हलवतो. इलाजच नसेल तर ती हलवताना मोडतोड झाली तरी चालते. गाडी ठेवायला जागा नसेल तर शेजारच्या माणसाची जमीन तात्पुरती वापरता येते. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच कायद्याच्या आणखी एका कलमात आहे : अशा मोडतोडीची आणि जमिनीच्या वापराची रास्त भरपाई सरकारने द्यायची असते. दुरुस्ती अमलात आल्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबरमध्ये, शिकोकू बेटावरील १९२ क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गावर बर्फात गाड्या अडकल्या आणि कायद्याचा पहिला वापर तेथे झाला.

चोरीचे मात्र वेगळे आहे. ही भरपाई सरकारी यंत्रणेने गाडी हलवताना केलेल्या नुकसानीपुरती आहे, चोराच्या कृत्याची नाही. जपानमधील नेहमीच्या वाहन विम्यात भूकंप, ज्वालामुखी आणि त्सुनामी यांनी झालेले गाडीचे नुकसान धरलेले नसते, त्यासाठी वेगळी तरतूद जोडून घ्यावी लागते. आपली पॉलिसी आजच काढून वाचावी. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. तोक्योत भूकंपाची तीव्रता जपानी मोजपट्टीवर सहाच्या दोन पायऱ्यांपैकी खालच्या पायरीला पोहोचली की सात क्रमांकाच्या वर्तुळमार्गाच्या आत गाड्यांना प्रवेश बंद होतो, आणि हा मार्ग आपल्या शेजारच्या कासाई स्थानकाजवळूनच जातो. राखीव रस्त्यांच्या फलकांवर निळ्या पाटीत एक भला मोठा मासा काढलेला दिसेल. आपल्याकडे शेषाने फणा हलवला की धरणी हादरते, तसे जपानी लोकांच्या कथांत जमिनीखालच्या त्या माशाने अंग झटकले की भूकंप होतो. तो फलक दिसला की त्या रस्त्यावर आपली गाडी नको, एवढे समजावे.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्गावर आले आणि आमचे ट्रक इतर शेकडो ट्रकांबरोबर रांगेत अडकले. चालक जेवणाच्या शोधात गावात गेले असताना काही गाड्या ओढून बाजूला केल्या गेल्या. आमच्या एका ट्रकचा पुढचा बंपर आणि रेडिएटर त्यात गेला. अशी भरपाई आपल्याकडे मिळते का? (एक वाहतूक व्यावसायिक, कोल्हापूर)

उत्तर : वरचे उत्तर वाचून आपल्याला जे वाटले असेल, तेच आम्हालाही वाटते. आपल्याकडे अधिकार आहेत, पण ते वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत आणि त्यांची जडणघडण वेगळ्या प्रसंगांसाठी झालेली आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस राहिलेली, अथवा जेथे उभी करण्यास मनाई आहे तेथे उभी केलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकारी उचलण्याचा आदेश देऊ शकतो. गाडी मोडकी, जळालेली किंवा सोडून दिलेली असेल आणि तिच्यामुळे वाहतुकीला धोका निर्माण होत असेल, तर दहा तास थांबण्याचीही गरज नाही, ती ताबडतोब हलवता येते. मात्र ओढण्याचा खर्च मालकानेच द्यायचा, असे त्याच कलमात लिहिले आहे. म्हणजे या कलमाच्या नजरेत उभी गाडी ही मालकाची चूक आहे. पुरात रांगेत अडकलेल्या आपल्या ट्रकला हा अंगरखा बसत नाही.

दुसरा कायदा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीच्या भागातील वाहतुकीवर नियंत्रण ठेवता येते, ढिगारे हटवता येतात आणि गरजेची इतर पावलेही उचलता येतात. कलम ६५ नुसार मदतकार्यासाठी खासगी वाहन ताब्यात घेता येते, आणि कलम ६६ नुसार त्याचे भाडे मालकाला द्यावे लागते. आपला ट्रक सरकारने धान्य वाहून नेण्यासाठी घेतला असता, तर आपल्याला पैसे मिळाले असते. तोच ट्रक वाट मोकळी करण्यासाठी ओढला आणि त्यात त्याचा रेडिएटर फुटला, तर त्यासाठी नेमके कलम या कायद्यात नाही. सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध खटला चालवता येणार नाही, असे कलम ७३ मात्र आहे. अधिकाऱ्याला संरक्षण आणि मालकाला काहीच नाही, अशी ही मांडणी एकतर्फी आहे, आणि तिचा तोटा शेवटी सरकारलाच होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. भरपाईची खात्री नसलेला मालक चालकाला गाडी सोडू नको म्हणून बजावतो, वाद घालतो, क्रेनसमोर उभा राहतो, आणि कनिष्ठ अधिकारीही उद्या तक्रार येईल या धास्तीने हातावर हात ठेवून वरिष्ठांच्या फोनची वाट बघत बसतो.

आता आपण काय करावे? गाडी ओढली त्या दिवसाची छायाचित्रे, तलाठ्याचा पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत आणि विम्याचा दावा यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागेल. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर आणि दरड यांनी झालेले नुकसान येते, केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात येत नाही. यापुढे चालकांना एवढे सांगून ठेवावे की रांग सोडून जाताना दोघांपैकी एकाने गाडीजवळ थांबावे, आणि दोघांनाही जावे लागले तर किल्ली रांगेतल्याच ओळखीच्या चालकाकडे द्यावी. मागच्या-पुढच्या गाडीत क्रेनचा हूक फिरवता येईल इतके अंतर सोडले, तर निम्मी मोडतोड टळते. आमच्या माहितीतल्या जुन्या चालकांची ही सवयच असते, नवे मात्र बंपरला बंपर लावून उभे राहतात.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर दोन गाड्या घासल्या की दोन्ही चालक मधल्या लेनमध्ये गाड्या तशाच ठेवून भांडतात आणि मागे रांग लागते. ‘पंचनामा होईपर्यंत गाडी हलवायची नाही’ असा नियम खरोखर आहे का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : माणूस जखमी झाला असेल किंवा दगावला असेल, तर पोलिसांची तपासणी आवश्यक असते, आणि तोवर गाडी जागेवर राहण्याला अर्थ असतो. मोटार वाहन कायद्यातील, वाहतुकीला अडथळा केल्याबद्दलच्या कलम २०१ मध्येही अपघातग्रस्त गाडीवरची दंडआकारणी तपासणीचे सोपस्कार पूर्ण झाल्यानंतरच सुरू होते. पण या गोष्टीचा लोकांनी केलेला अर्थ फारच ताणलेला आहे. पत्रा चेपला आणि आरसा तुटला, एवढ्यासाठी तीनपैकी एक लेन अडवून ठेवण्याचे कोणतेही कारण नाही. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, चाकांची जागा आणि रस्त्यावरचे काचांचे तुकडे त्यात दिसू द्यावेत, समोरच्या गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि दोन्ही गाड्या कडेच्या पट्टीवर नेऊन मगच काय ते भांडावे. पोलिसही आता अपघाताच्या जागेची छायाचित्रे केंद्र सरकारच्या अपघात नोंदणी ॲपवर तिथल्या तिथे चढवतात. म्हणजे जखमींच्या अपघातातही गाडी तासन्‌तास मध्यभागी ठेवण्याची गरज उरलेली नाही.

बोरघाटात हे अधिक जाचते, त्याला कारण रस्त्याची रचना आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या मार्गावर आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती मार्गाच्या सहा आणि जुन्या महामार्गाच्या चार अशा दहा लेन येऊन मिळतात आणि खंडाळ्यापर्यंत सहाच लेनमधून जातात. तेथे एक लेन अडली, तर मैदानात दहा मिनिटांत विरणारी रांग खोपोलीच्या खाली उतरते. मिसिंग लिंक म्हणून ओळखला जाणारा साडेतेरा किलोमीटरच्या आसपासचा पर्यायी रस्ता आखला गेला तो याच पट्ट्याला वळसा घालण्यासाठी.

एक अपवाद आवर्जून सांगतो. आडवी झालेली गाडी टँकर असेल तर घाई करू नये, आणि आपण होऊन तर मुळीच काही करू नये. जून २०२३ मध्ये लोणावळ्याजवळ पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि चार माणसे मेली. धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरच्या मागे आणि बाजूला एक पाटी असते. तिच्यावर मालाचा चार आकडी क्रमांक आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस. ही पाटी लांबूनच वाचून ११२ वर कळवली, तर अग्निशमन दल योग्य तयारीने निघते. टँकर सरळ करण्याआधी आतला माल दुसऱ्या टँकरमध्ये उतरवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. अशा वेळी रस्ता बंद ठेवणाऱ्या पोलिसांवर चिडणे व्यर्थ आहे.

प्रश्न : घाटात माझ्या गाडीची क्लचप्लेट जळाली. क्रेनवाल्याने गाडी ओढून नेली आणि तोंडाला येईल तो आकडा सांगितला. नकार देता आला असता का? वर दंडही भरावा लागतो का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : गाडी वाहतुकीच्या वाटेत असेल तर ती हलवू नका असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि ओढण्याचा खर्चही आपलाच. पण खर्च म्हणजे मनमानी नव्हे. गाडी नेणारी क्रेन अधिकृत यंत्रणेची आहे का, ती गाडी कोठे नेणार आहे आणि दर काय आहे, हे हूक लावण्याआधी विचारावे. गाडीची छायाचित्रे काढावीत आणि गाडीचा क्रमांक असलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बहुतेक सर्वसमावेशक विम्यांत गाडी जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, पण तो अपघातासारख्या विमा असलेल्या नुकसानीत. नुसत्या बिघाडासाठी रस्त्यावरील मदतीची वेगळी तरतूद घ्यावी लागते. दंडाचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर अडथळ्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत आहे, परंतु गाडीत अचानक बिघाड झाला असेल आणि ती हटवण्याचे काम चालू असेल तर हा दंड लागू होत नाही. पावती देणाऱ्यास हे शांतपणे दाखवून द्यावे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर चोवीस तास मदत मागता येते.

प्रश्न : मुंबईत रस्त्यावर पाणी भरले, तर जपानप्रमाणे किल्ली गाडीत ठेवून निघून जावे का? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : नाही. तेथील सूचनेमागे अधिकार, जागा आणि भरपाई यांची व्यवस्था उभी आहे. आपल्याकडे ती नसताना एकट्याने किल्ली ठेवून काही साधत नाही. मात्र गाडी सोडण्याचा निर्णय लवकर घ्यावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसे बंद गाड्यांतच गुदमरून मेली. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागण्याआधी गाडी डाव्या कडेला घ्यावी. उड्डाणपुलाच्या तोंडाशी किंवा मधल्या लेनमध्ये ती सोडू नये, कारण पाणी ओसरल्यावर पहिली रुग्णवाहिका नेमकी तेथेच अडते. काचेआड दूरध्वनी क्रमांक ठेवावा. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये, इंजिनात पाणी जाऊन झालेले नुकसान साध्या विम्यात सहसा नाकारले जाते.

प्रश्न : कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेला वाट द्यायची इच्छा असली तरी जागाच नसते. कायदा दंड सांगतो, उपाय सांगत नाही. (एक निवृत्त परिचारिका, सातारा)

उत्तर : दंड मोठा आहे : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण आपले म्हणणे खरे आहे. सायरन ऐकू येईपर्यंत गाड्या चिकटून उभ्या राहिलेल्या असतात आणि मग कोणालाच हलता येत नाही. जर्मनीने यावर सोपा नियम केला आहे. द्रुतगती मार्गावर वाहतूक चालण्याच्या वेगावर आली की, सायरन असो वा नसो, सर्वांत डावीकडच्या लेनमधील गाड्यांनी आणखी डावीकडे आणि उरलेल्या सर्व लेनमधील गाड्यांनी उजवीकडे सरकून मध्ये एक मोकळी पट्टी ठेवायची. २०१७ पासून हे न करणाऱ्यास किमान दोनशे युरो दंड आहे आणि पुढे त्याला महिनाभराच्या वाहनबंदीचीही जोड दिली गेली. तेथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून आपल्याकडे ही पट्टी सर्वांत उजवीकडची लेन आणि तिच्या शेजारची लेन यांच्यामध्ये पडेल.

हा नियम आपल्या कायद्यात नाही, पण तो पाळायला कोणाची मनाईही नाही. अडचण एकच दिसते. द्रुतगती मार्गाच्या घाटात उजवीकडच्या लेनमध्ये अवजड ट्रक शिरलेले असतात, आणि चढावर थांबलेला भरलेला ट्रक सायरन ऐकून चटकन बाजूला होऊ शकत नाही. तेव्हा महामार्ग पोलिसांनी लेनची शिस्त आधी घाटाच्या पायथ्याशी लावावी, आणि पथकर नाक्यावरील विजेच्या फलकावर ‘पुढे कोंडी, मधली वाट मोकळी ठेवा’ एवढी ओळ लावून पाहावी. रांग लागल्यावर ही सूचना देऊन उपयोग नाही, ती गाडी अजून चालती असताना चालकाला दिसली पाहिजे.